सकाळी चालून आल्यावर शुगर वाढलेली आणि संध्याकाळी व्यायामात पडते, नक्की करू काय?

रंकाळा_पहाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, वय ५१, ऑफिसात बैठं काम. टाईप २ डायबेटिस सहा-सात वर्षांपासून. नाश्त्याच्या आधी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड एकत्र असलेली गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. मागच्या वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.१ आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले व्यायाम वाढवा. बास एवढंच. कुठला, किती, कधी काही नाही, बाहेर एवढी रांग होती की मला पण विचारायला लाज वाटली.

तर मी दोन गोष्टी सुरू केल्या. पहाटे उपाशीपोटी रंकाळ्यावर तासभर झपझप चालणे आणि आठवड्यातनं तीन दिवस संध्याकाळी साडेसहाला आमच्या कॉलनीतल्या बायकांबरोबर झुंबा. मुलीनं ग्लुकोमीटर आणून दिलाय म्हणून मोजायला लागले आणि तिथंच घोळ झाला बघा. सकाळी निघताना १३२ आणि तासभर घाम गाळून आल्यावर १५४! एकदा नाही, तीन-चारदा असंच. आणि झुंब्याला उलटं, अर्ध्या तासानं हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम, समोरची मॅडम काय सांगतीय ते कळंना, कसंतरी घरी येऊन बघितलं तर ६४. दुपारचं जेवण दीडला झालेलं, मधे फक्त बिनसाखरेचा चहा.

मिस्टर म्हणतात चालून शुगर वाढतीय तर चालतीस कशाला. सासूबाई म्हणतात झुंबा बंद कर, या वयात नाचायचं काय. मैत्रीण म्हणते सवय नाही म्हणून होतंय, होईल सवय. मला काय करू ते कळेना झालंय. सगळं सोडून नुसतं गोळ्यांवरच राहायचं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा की ओ.

सांधे_आणि_स्नायू

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, डायबेटिसचा डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण हे असे पेशंट रोज बघतो म्हणून लिहितो.

आधी संध्याकाळचं, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. ६४ म्हणजे हायपो, शुगर नको तेवढी खाली जाणं. ७० च्या खाली गेली की हायपोच धरतात. तुमच्या मैत्रिणीला सांगा की ही सवयीची भानगड नाही, ही ग्लिमेपिराईडची भानगड आहे. मेटफॉर्मिन एकट्यानं सहसा शुगर अशी पाडत नाही, पण ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात काही असो नसो. ग्लिमेपिराईडचा असर दिवसभर राहतो. त्यात तुम्ही दीडला जेवून साडेसहापर्यंत काही खात नाही आणि वर पाऊण तास उड्या मारता, म्हणजे गोळी पण साखर खाली ओढतेय आणि स्नायू पण. पडणारच ना.

तर झुंब्याच्या आधी मोजा. इन्सुलिन किंवा या जातीची गोळी चालू असेल आणि शुगर ९० च्या आत असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. एक केळं, किंवा अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक, काहीही. १०० च्या आसपास असेल तरी तुमच्या केसमध्ये मी थोडं खाऊनच जा म्हणेन. आणि पर्समध्ये ग्लुकोज पावडर ठेवा, नसेल तर कागदाच्या पुडीत तीन चमचे साखर. थरथर सुरू झाली की थांबायचं, ती पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. पेढा, बर्फी, चॉकलेट नको, त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. बरं वाटलं की मग काहीतरी नीट खाऊन घ्या.

आणि पुढच्या व्हिजिटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा, "व्यायाम सुरू केलाय आणि ६४ झाली होती." बहुतेक वेळा ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. व्यायाम वाढला म्हणून गोळी कमी करावी लागली तर ती चांगलीच गोष्ट आहे, त्यासाठीच तर करतोय.

आता सकाळचं. पहाटे उठायच्या सुमारास शरीर स्वतःच कॉर्टिसॉल वगैरे सोडतं आणि लिव्हर साखर रक्तात ओततं, दिवस सुरू करायला. डायबेटिस नसलेल्या माणसात इन्सुलिन ती लगेच आवरतं, आपल्यात नाही आवरत. तुम्ही त्याच वेळेला उपाशीपोटी झपझप चालता म्हणजे लिव्हरला अजून मागणी, थोडं ॲड्रेनलिन पण, म्हणून आल्यावर आकडा वर. तासाभराने-दोन तासाने परत बघा, बऱ्याचदा उतरलेला असतो. दुसरं म्हणजे मीटर. घरगुती मीटरला १०० च्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं असं त्यांचं मानकच आहे, म्हणजे १३२ आणि १५४ मधला बराचसा फरक निव्वळ मशीनचा पण असू शकतो. तीन-चारदा तसंच आलंय म्हणताय तर थोडं खरंही असेल, पण त्यावरून चालणं सोडायचं काही कारण नाही. बोट टोचायच्या आधी हात धुऊन पुसता ना? फळ कापलेला हात असेल तर आकडा कसाही येतो.

मिस्टरांना सांगा, चालण्याचा फायदा त्या वेळेच्या आकड्यात बघायचा नसतो. स्नायू हलतो तेव्हा साखर आत घ्यायची दारं इन्सुलिनच्या सांगण्याशिवायही उघडतात (ग्लूट-४ म्हणतात त्याला) आणि व्यायाम संपल्यावर पुढचा एक दीड दोन दिवस शरीर इन्सुलिनचं जास्त ऐकतं. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका सांगतात. रविवारी ट्रेक मारून आठवडाभर खुर्चीत, असं करणाऱ्याला तो फायदा बुधवारपर्यंत पण पुरत नाही.

सायकलवाला_टाईप१

वरचं सगळं बरोबर आहे, माझी थोडी भर. मी टाईप १, कॉलेजपासून इन्सुलिनवर, पुण्यात असतो आणि सायकल चालवतो. माझ्याकडे तर हा वरखालीचा खेळ रोजचाच. सिंहगड चढताना जोर लावला की शुगर वर जाते, आणि सपाटीवर दोन तास निवांत चालवली की खाली. दोन्ही व्यायामच, पण अंगाला कळतं कुठला झटापटीचा आणि कुठला निवांत. जोराच्या व्यायामात ॲड्रेनलिनमुळे लिव्हर साखर सोडतं आणि ती नंतर उतरते, तिला बघून लगेच इन्सुलिन मारायची घाई केली तर नंतर जे खाली जातं ते लई वाईट.

ताई तुम्ही इन्सुलिनवर नाही पण इतर कुणी वाचत असेल म्हणून लिहितो, मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच सायकल किंवा पळायला जाऊ नका, त्या स्नायूला रक्तपुरवठा वाढतो आणि इन्सुलिन भसकन शोषलं जातं. पोटात घ्या. आणि संध्याकाळी जास्त व्यायाम झाला असेल तर हायपो रात्री झोपेतही येऊ शकतो, म्हणून झोपायच्या आधी एकदा मोजून बघायचं. दंडाला शुगर सतत दाखवणारा सेन्सर लावणारे असाल तर तो रक्तातली नाही, पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजतो त्यामुळे व्यायामात तो पाच-दहा मिनिटं मागे असतो, त्यावर ८५ दिसतंय आणि अंग थरथरतंय तर अंगावर विश्वास ठेवा, बोट टोचा.

शुगर २५० च्या वर असेल आणि लघवीत किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) असतील तर व्यायाम करायचाच नाही. हे टाईप १ वाल्यांनी तर पाठच करा.

निसर्गाकडे_चला

एवढं मोजमाप करून डोकं कशाला फिरवायचं. रोज सकाळी कारल्याचा रस, मेथीचं पाणी, दव पडलेल्या गवतावर अनवाणी अर्धा तास आणि एक तास प्राणायाम. आमच्या ओळखीच्या एकांनी तीन महिन्यात सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. गोळ्या हाच खरा रोग आहे.

वऱ्हाडी_मावशी

काहून हो दादा, त्या ओळखीच्या एकाचा आता एचबीएवनसी किती आहे ते पण सांगा न. आमच्या शेजारच्या काकांनी अशाच फेकल्या होत्या गोळ्या, मग दवाखान्यात ५०० वर शुगर घेऊन भरती झाले. कारलं खा, मेथी खा, कोण नाही म्हणते बाप्पा, भाजी आहे ते. पण गोळी बंद करायची तर ज्यानं लिहून दिली त्याला विचारून करा.

अन् अनवाणी गवतावर तर अजिबात नको. डायबेटिसवाल्याच्या पायातल्या नसा हळूहळू बधिर होतात, काटा रुतला, काच लागली तरी समजत नाही, चार दिवसांनी मोज्यावर रक्त दिसते तेव्हा कळते. माझ्या मिस्टरांना उन्हाळ्यात देवळात प्रदक्षिणा घालताना तापलेल्या फरशीनं तळपायाला हे मोठे फोड आले अन् त्यांना पत्ताच नाही! मी रात्री पाय धुताना पाहिले. तेव्हापासून देवळात पण मोजे घालून जातात, देवाला चालते. ताई, बूट घालायच्या आधी आत हात घालून बघत जा, खडा बिडा असते, अन् रात्री झोपताना तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून.

माझं स्वतःचं सांगते, वय ६३, गुडघे गेलेले, नागपूरचा उन्हाळा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात सकाळी आठलाच बाहेर निघवत नाही. मला सगळे सांगायचे चाला चाला, चालून गुडघे सुजायचे अन् मग चार दिवस पलंगावर. शेवटी पोरीनं जुनी जागेवरची सायकल आणून दिली, त्यावर बसते टीव्हीसमोर, सीट थोडी उंच ठेवली की गुडघ्यावर भार येत नाही. मालिका संपेपर्यंत पाय फिरवायचे. अन् जेवल्यावर घरातल्या घरात, हॉल ते स्वैपाकघर, स्वैपाकघर ते हॉल. नातू हसते मला, हसू दे.

एक अजून, मला बीपीसाठी मेटोप्रोलोल चालू आहे. त्या गोळीनं छातीत धडधड होत नाही, हात थरथरत नाही, म्हणजे शुगर पडली तरी खूण समजत नाही, फक्त घाम येते. तुमच्यातल्या कोणाला अशी बीपीची गोळी असेल तर नुसत्या धडधडीवर अवलंबून राहू नका. घड्याळात ठोके किती ते बघून जोर ठरवणारे पण फसतात यात.

टेबलाखालचे_पाय

मधेच घुसतोय सॉरी. माझं अजून डायबेटिस नाही, एचबीएवनसी ६.१ आलंय म्हणजे काठावर, वय ३६, हिंजवडीत आयटी. वजन ६८ म्हणजे जाड पण नाही, बायको म्हणते तुला कसं काय झालं, पोट थोडं आहे फक्त. आई वडील दोघांना शुगर. रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत असं सगळे म्हणतात, आमच्या ऑफिसात त्याची स्पर्धा पण लावलीय, मी कसाबसा चार हजार. काही उपयोग आहे का नुसता?

सांधे_आणि_स्नायू

टेबलाखालचे पाय, नाव आवडलं. दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरनं शोधलेला नाही, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याच्या नावात तो होता, तिथनं पसरला. चार हजारावरून सहा-सात हजारावर आलात तरी चांगलंच आहे, स्पर्धा जिंकायची नाहीये आपल्याला.

"जाड नाही तरी कसं" याचं उत्तर तुमच्या जवळच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर हाच विषय धरलाय. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे काटा एकच सांगतो आणि आत स्नायू कमी चरबी जास्त, ती पण पोटात. आपल्याकडे बहुतेकांची हीच गत. म्हणून मी आपल्या लोकांना नुसतं चाला सांगत नाही, स्नायू वाढवा सांगतो, कारण जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात आणि सगळ्यात मोठे स्नायू मांड्या आणि कुल्ल्यांचे, ज्यांच्यावर आपण दिवसभर बसून असतो.

तुमच्या स्टेजला व्यायामाचा उपयोग सगळ्यात जास्त. अमेरिकेत २००२ मध्ये निकाल आलेला मोठा अभ्यास होता, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजन सात टक्के कमी करणे, त्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, नुसत्या मेटफॉर्मिनने ३१. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी तसाच भारतीयांवर केला तेव्हा आहार व्यायामाने २८.५ टक्के घट आली, म्हणजे कमी, पण वजन फारसं उतरलं नसतानाही आली. मला हा चेन्नईचा आकडाच जास्त खरा वाटतो आपल्यासाठी. मीटिंगला कॅमेरा बंद करून उभे राहा, अर्ध्या तासाच्या वर सलग बसू नका. ऑफिस कॅन्टीनमध्ये जेवून थेट खुर्चीत जाण्याऐवजी बिल्डिंगला दोन चकरा मारा.

आणि हे ताई तुमच्यासाठी पण. तासभर पहाटे चालता त्यातला अर्धा वेळ काढून जेवणानंतर वाटून टाका. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१६ ला टाईप २ वाल्या लोकांवर बघितलं होतं, रोज कधीही एकदम ३० मिनिटं चालणं विरुद्ध प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं. एकूण वेळ तेवढाच, पण जेवणानंतरची शुगर दुसऱ्या प्रकारात कमी, आणि सगळ्यात फरक रात्रीच्या जेवणानंतर. आपल्याकडे आज्या शतपावली करायच्या तीच, फक्त दहा-पंधरा मिनिटांची करा आणि मोबाईल न बघता. रात्रीचा भात खाऊन लगेच सोफ्यावर बसायचं हे आपलं मोठं दुखणं आहे.

मॉर्निंग वॉकवाल्यांचा अजून एक प्रकार सांगतो, राग मानू नका. तासभर चालायचं, मग कट्ट्यावर सगळे जमून इडली वडा, नाहीतर पोहे आणि दोन कप गोड चहा, "चाललोय ना आज" म्हणून. त्या चालण्यात दोनशे-अडीचशे कॅलरी गेलेल्या असतात आणि प्लेटमध्ये त्याच्या दुप्पट परत येतात.

आळंदी_ते_पंढरी

चालण्यावरून आठवलं म्हणून लिहितोय. माझे वडील ६८ वर्षांचे, टाईप २, दोन वेळा इन्सुलिन घेतात, आणि माऊलींच्या पालखीबरोबर वारी करतात. आम्ही सगळे नको म्हणत होतो, ऐकतात कुठे. शेवटी डॉक्टरांकडेच घेऊन गेलो, ते म्हणाले जाऊ द्या पण तयारीनं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात मोठा टप्पा पुणे ते सासवड, मधे दिवे घाट, तीस किलोमीटरच्या वर एका दिवसात. घरी दिवसाला तासभर चालणाऱ्या माणसाला घरचाच डोस चालू ठेवला तर हायपो होणारच म्हणून निघायच्या आधीच डॉक्टरांनी इन्सुलिन कमी करून दिलं, आणि मोजून अजून कसं कमी करायचं ते कागदावर लिहून दिलं.

आम्ही काय काय केलं ते सांगतो. इन्सुलिनला फ्रीज कुठनं आणणार, तर छोटं मातीचं मडकं, त्याला ओलं फडकं, आत प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनची बाटली, ती ट्रकमध्ये नाही तर दिंडीतल्या एका पोराच्या पाठीवर, कारण ट्रक पुढे जातो आणि आपण मागे. खिशात साखरेच्या पुड्या आणि राजगिऱ्याच्या वड्या. गळ्यात तुळशीमाळेबरोबर एक कार्ड, डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे, मुलाचा नंबर. दिंडीतल्या दोघांना हायपोची लक्षणं शिकवून ठेवली, तर त्यातल्या एकाला वाटलं म्हातारबाबा भजनात तल्लीन झालेत! तल्लीन नाही ओ, ५८ होती. तेव्हापासून दिंडीत नियम, आबा बोलायचे थांबले की आधी साखर.

बूट नवे घालून निघायचं नाही, महिनाभर आधी घालून मळलेले. दोन मोजे. रोज मुक्कामाला पाय धुऊन कोरडे करून कुणीतरी दुसऱ्यानं बघायचे, बोटांच्या बेचक्या पण. अनवाणी वारी करायची त्यांची इच्छा होती, तिथे मात्र डॉक्टरांनी ठाम नाही म्हटलं आणि ते ऐकलं.

आणि वाटेत लोक प्रेमानं जे वाटतात, केळी, चहा, लाडू, शेंगदाणे, सगळं घ्यायचं नसतं पण सगळंच नाकारायचं पण नसतं, एवढं चालताना अंगाला लागतंच. एकादशीला साबुदाणा खिचडी खाऊन शुगर २९० गेली होती मागे एकदा, त्या दिवशी चालणं पण नसतं ना फारसं. आता वरीचा भात थोडासा आणि दाण्याची आमटी.

रंकाळा_पहाट

अगं बाई केवढं लिहिलंय सगळ्यांनी! आधी बातमी, डॉक्टरांना फोन केला. म्हणाले आधीच सांगायला पाहिजे होतं, ग्लिमेपिराईड निम्मी केली आणि पंधरा दिवस मोजून कळवायला सांगितलंय. झुंब्याच्या आधी केळं खाऊन जाते आता, ९८ होती निघताना, आल्यावर १०६. थरथर नाही काही नाही. पर्समधे साखरेची पुडी आहे, मुलगी म्हणते गूळ ठेव आई तो आरोग्याला चांगला. आता कोल्हापुरात राहून गुळाला नाव कुठं ठेवू.

रात्री जेवल्यावर मिस्टरांना पण घेऊन जाते गल्लीत पंधरा मिनिटं. भाकरी-भात खाऊन दोन तासानं पूर्वी २१० च्या घरात असायची, परवा १७२ आली, काल १६५. एक दोन दिवसाचं काय सांगायचं म्हणा, पण बघून बरं वाटलं. सासूबाई झुंब्याला अजून नाकं मुरडतात पण रात्री दारात उभ्या राहून "चला की, मी पण येते कोपऱ्यापर्यंत" म्हणाल्या.

दोन प्रश्न. त्या स्नायूंच्या व्यायामाला जिममध्येच जावं लागतं का, मला लाज वाटते तिथं. आणि मला सूर्यनमस्कार परत सुरू करायचेत, शाळेत असताना घालायचो रोज. चालतील का?

सांधे_आणि_स्नायू

गूळ पण साखरच आहे ताई, हायपोला चालतो, फक्त खडा चघळत बसण्यापेक्षा पाण्यात विरघळवून घ्या, लवकर लागू पडतो. आरोग्याला चांगला म्हणून रोजच्या चहात मात्र नको.

जिमची गरज नाही. घरातली हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पुढच्या कडेला बसा, पाय गुडघ्याच्या थोडे मागे, हात छातीवर, आणि हाताचा आधार न घेता उठा, मग हळू बसा. धपकन नाही, तीन आकडे मोजत. खरी मेहनत त्या बसण्यात आहे. दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. मग भिंतीवर हात टेकून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणे, भाजी शिजेपर्यंत तेवढंच. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या दोन हातात घेऊन खांद्यापर्यंत उचलणे. आठवड्यातनं दोन-तीनदा, मधे एक दिवस सोडून. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे आपोआप कोंडला जात नाही. आणि सोपं वाटायला लागलं की वाढवा, वर्षभर तेच दहा करत राहिलात तर स्नायूला वाढायचं काही कारणच राहत नाही.

छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे दुखणं, नेहमीच्या चालीला एकदम धाप, असं काही झालं तर थांबा आणि दाखवा. डायबेटिसमध्ये हार्टचं दुखणं कधीकधी न दुखताच येतं, नुसती धाप किंवा मळमळ.

एचबीएवनसी किती उतरेल ते विचारलं नाहीत पण सगळे विचारतात म्हणून सांगतो, नियमित व्यायामाच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तर सरासरी ०.६-०.७ ने उतरतं. ८.१ चं लगेच ६ होणार नाही, त्याला खाणं आणि गोळी दोन्ही लागेल. तीन महिन्यांनी तपासा, त्याआधी तपासून उपयोग नाही.

वऱ्हाडी_मावशी

ते खुर्चीचं मी करून पाहिलं आत्ताच. सहाव्याला मांड्या पेटल्या बाप्पा! उशी ठेवूनच करते मी तर.

रंकाळा_पहाट

मावशी मी पण 😄 सूर्यनमस्काराचं राहिलं ओ दादा.

सांधे_आणि_स्नायू

हो राहिलंच. त्याआधी एक सांगा, डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला होता? चष्म्याचा नंबर नाही, बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा बघतात तो. सहा-सात वर्षं डायबेटिस आहे म्हणजे वर्षातनं एकदा व्हायलाच पाहिजे.

रंकाळा_पहाट

तो कधीच नाही बघितला. चष्म्याचा नंबर तेवढा दोन वर्षांपूर्वी.

सांधे_आणि_स्नायू

मग आधी तो करून घ्या, आठवडाभरात होईल, फक्त त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका, थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं. पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील (रिपोर्टवर प्रोलिफरेटिव्ह असा शब्द असतो) किंवा त्याच्या आधीची गंभीर पायरी असेल तर डोकं खाली जाणारे, श्वास कोंडून जोर लावायचे आणि उड्या मारायचे प्रकार डोळ्याचा डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, त्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरू शकतं. सूर्यनमस्कारात डोकं बऱ्याचदा खाली जातं, शीर्षासनाचं तर विचारूच नका. तसं निघालं तर झुंबाही थांबवावा लागेल, पण चालणं आणि खुर्ची सुरूच राहील.

पडदा स्वच्छ असेल तर बिनधास्त घाला. सहापासून सुरू करा, सावकाश, आणि रिपोर्ट काय आला ते इथेच लिहा, मी बघतो.